दोघांत एक कोट

आमच्या कॉलेजकडे बाकावर पांघरायचे जाड कोट नऊच.
मला आणि वार्नी कॉलीला मिळून एक.
अडत काहीच नव्हतं.
मी आत असलो की तो बाहेर,
तो आत गेला की मी.
तीन वर्षं एकाच जागेवर खेळलो
आणि एकदाही बरोबर खेळलो नाही.

समोरचे चेंडू घेऊन धावणार असं दिसलं
की कोच हाउगस्टाड ओरडायचे, लायल!
लांब फेकणार असं दिसलं की, वार्नी!
यापलीकडे ते आमच्याशी फारसं बोलत नसत.

माझं काम सांगायला सोपं.
गुडघ्यांत वाकायचं, बोटं गोठलेल्या मातीत रोवायची,
दोन माणसं अंगावर घ्यायची
आणि हलायचं नाही.
मग धावणारा पोरगा माझ्या मागच्या कुणाच्या तरी
हाती सापडायचा.
भोंग्यावर नाव त्याचं.
मी दातांतलं गवत थुंकायचो.

वार्नी मात्र
समोरच्याच्या बगलेतून असा निसटायचा
की ओल्या हातातून साबणाची वडी.
त्याची आई मनरोव्हियाची,
मूरहेडच्या इस्पितळात रात्रपाळीला.
तीन ब्लँकेटं गुंडाळून पहिल्या रांगेत बसायची
आणि दर सामन्यानंतर मला विचारायची,
माझ्या मुलाला सारखं बाहेर का काढतात?
काय गुन्हा केला त्यानं?

मला ही पाळी नवी नव्हती.
ऑक्टोबरात आमच्याकडे साखरेचं बीट निघतं,
ट्रकचं इंजिन पंधरा दिवस बंद होत नाही.
बारा तास बाप, बारा तास काका.
बापानं टाकलेली सूर्यफुलाची टरफलं
काका शिव्या घालत झाडायचा,
काकानं मागे सरकवलेली सीट
बाप शिव्या घालत पुढे ओढायचा.
सीट गार अशी पडायचीच नाही.

कोटाचंही तसंच.
धापा टाकत बाहेर यावं,
तर तो आतून कोमट असायचा.
उजव्या खिशात त्याच्या आल्याच्या गोळ्या.
एक खायची, दोन ठेवायच्या,
असं काही ठरलेलं नव्हतं.

नोव्हेंबरातला शेवटचा सामना.
समोरच्यांनी घोळका करून खलबत करणंच सोडलं.
पडले की उठले, उठले की उभे.
माणूस बदलायला उसंत नाही.
तिसरा प्रयत्न, नऊ यार्ड बाकी,
शेंबडं पोरही सांगेल की आता फेकणार,
आणि आत मी.
रेषेपाशी वार्नी, एक हात बाहीत अडकलेला.
कोचचं तोंड उघडं, त्यातून नाव काही येईना.

मी त्याचं केलं.
जे तीन वर्षं त्याच्याच उबेत बसून पाहिलं होतं ते.
खांदा दिला आणि काढून घेतला.
मी साबण नव्हे, मी बिटाचं पोतं,
पण पोतं असं वळेल हे समोरच्याला कुठं ठाऊक?
एकाएकी पुढे कोणीच नाही.
नुसती मोकळी जागा.
एवढ्या सामन्यांत पहिल्यांदाच मला
क्वार्टरबॅकचं तोंड दिसलं.
पोरगंच ते. ओठ फुटलेले, नाकातून वाफ.
माझी दोन पावलं राहिली होती.
वार्नीचं एकच राहिलं असतं.
चेंडू माझ्या बोटांवरून गेला
आणि माझ्या पाठीमागे
परकी माणसं ओरडली.

मी गुडघ्यांवर. छातीत हवा नाही.
कुणीतरी बखोटीला धरून उठवत होतं,
आल्याचा वास आला.
जा, जा बाहेर, म्हणत होता,
आणि मी निघणार तोच चेंडू सुटला.
तो माझ्या डावीकडून घुसला,
मी होतो तिथंच पाय रोवले,
मधल्या माणसाला कुठं पाहावं कळेना,
आणि तो पोरगा आम्हा दोघांखाली आला.

पंचाचा पिवळा रुमाल त्याआधीच पडला होता.
मैदानात बारा माणसं. पाच यार्ड दंड.
कोचनं टोपी आपटली.
रेषेवर कोट पालथा पडलेला, एक बाही उलटी.

पूर्ण स्टँडमध्ये एकच बाई उभी राहून
टाळ्या वाजवत होती.
ब्लँकेटं तिच्या पायांशी.