पान एकशे बारा

आमच्याकडं 'वाचते' असं कुणी म्हणत नाही.
'वाचून राह्यली' म्हणतात.
म्हणजे काम सुरू आहे, मधात उठवू नका.

ग्रामपंचायतीच्या मागं दोन खोल्या, चार कपाटं.
चौथ्याची किल्ली अध्यक्षांकडं, अध्यक्ष अमरावतीला.
चार ते सात मी बसते.
रजिस्टरात नाव, पुस्तकाचा नंबर, सही किंवा अंगठा.
अंगठ्याचा रकाना मीच आखला,
पंचफुलाबाई ढोक्यांनी विचारलं तेव्हा,
"वाचता येत नाई त पुस्तक नेता येत नाई काय?"
नियम काढून पाहिले. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं.

रात्री नात वाचते, ती ऐकते,
सकाळी संत्र्याच्या शेडात सांगते.

मृगबहाराचा तोडा चालू आहे.
मोठं फळ इकडं, बारीक तिकडं, डागाचं पायाशी.
अकरा बायांचे हात चालतात
आणि कुणीतरी विचारतं,
"काय वाचून राह्यल्या वो सध्या?"
घरी भाजी काय केली विचारावं, तसं.

रेशमा विहिरी खोदणाऱ्या माणसाचं आत्मचरित्र घेऊन बसली आहे,
साठ पानं झाली, अजून पाणी लागलं नाही.
कुंदा खडसेनं भुताचं नेलं.
ती फक्त दिवसा वाचते, रविवारी,
म्हणून भूत महिनाभर त्याच जिन्यावर उभं.
क्रेट मोजणारा निळकंठ पिसे म्हणतो, मी काई वाचत नाई.
त्याच्या नावावर पाककृतींचं पुस्तक आठ महिन्यांपासून आहे.
बायको जाऊन नऊ झाले.
मी त्याला अजून स्मरणपत्र पाठवलेलं नाही.

पंचफुलाबाईनं नेली ती एका तलाठ्याची कादंबरी.
नऊ दिवस पुरवून सांगितली.
सातव्या दिवशी नदी गावात आली.
तलाठी कचेरीत एकटा, गळ्यापर्यंत पाणी,
अन् त्यानं सातबाराचं दप्तर दिलं सोडून,
छपरावरची शेळी घेतली खांद्यावर.
शेडातले हात म्हणे तेव्हा थांबले होते.
डागाची चार फळं चांगल्यात गेली.

मग सगळ्यांनाच तीच पाहिजे.
नंबर लावले. रेशमानं पहिली नेली,
तिसऱ्या दिवशी टेबलावर आपटली.
"ताई, ह्याच्यात शेळी नाई."
कुंदा म्हणाली, पान फाटलं असन.
मी पानं मोजली. पूर्ण होती.
पान एकशे बारावर तलाठी
दप्तर डोक्यावर धरून खुर्चीवर उभा राहतो,
आणि एकशे तेरावर पाणी उतरतं.
एवढंच.

दुसऱ्या दिवशी मीच शेडात गेले.
पंचफुलाबाईनं मान वर केली नाही,
हातातलं फळ फिरवून पाहत म्हणाली,
"थ्या पानावर नात झोपली होती, माय.
दिवसभर कापूस येचला व्हता पोरीनं, कशी उठवू?
अन् पाणी त चढूनच राह्यलं.
रातभर मले झोप नाई.
काई त करा लागत व्हतं."

पुस्तक सहा घरं फिरून परत आलं.
सालीचा वास, एका कोपऱ्याला हळद.
एकशे बाराच्या समासात पेन्सिलीनं,
'इथं शेळी येते.'
खाली, दुसऱ्या अक्षरात,
'काळी होती.'

नियम नऊ: पुस्तकावर लिहिल्यास पाच रुपये दंड.
खोडरबर खणात आहे.
पुस्तक मी जागेवर ठेवलं.

काल निळकंठ पिसे आला.
पाककृतींचं आणलं नव्हतं.
दारातच चप्पल काढून, जरा वेळ
भिंतीवरच्या पंख्याकडं पाहत राहिला,
मग म्हणाला,
"थे शेळीवालं हाय काय?"