उरलेला वेळ

चार वर्षं हा लॅपटॉप भिंतीला बांधलेला होता.
म्हशीला दावं, तशी त्याला वायर.
वायर हलली की पडदा काळा
आणि समोर बसलेल्या माणसाचा शनी
सातव्या घराच्या उंबऱ्यावर अडकलेला.

पत्रिकेचं जुनं सॉफ्टवेअर फक्त ह्याच्यावर चालतं,
म्हणून नवा घेतला नाही.
लोकमान्यनगरात म्हणायचे, जा खेडकरबाईंकडे,
पण आधी फोन करून विचारा लाइट आहे का.

खाली कोपऱ्यात तो रोज सांगायचा,
उरलेला वेळ एक तास चाळीस मिनिटं,
आणि तिसऱ्या मिनिटाला मान टाकायचा.
मला कधी राग आला नाही.
धंदा एकच आमचा, चुकायची तऱ्हाही एकच.

सिल्व्हर मॉलच्या तळघरात मुर्तझाने
बॅटरीचं कवच ब्लेडने उसवलं.
आत सहा नळकांडी, दोन-दोनच्या जोड्या.
मीटरच्या सुया टेकवल्या:
तीन पॉइंट नऊ. तीन पॉइंट आठ.
तिसऱ्या जोडीला नुसतं पॉइंट सहा.
"आंटी, ये दो गए. बाकी चार में जान है,
पर इनके चक्कर में वो भी बंद."

मग दोनच बदल ना, मी म्हटलं.
"नी चलेगा आंटी,
पुराना नए को भी ले बैठता है."
तीस वर्षं छत्तीस गुण मोजते आहे मी,
इतकं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

अठराशेची बॅटरी सोळाशेला दिली.
पायरीपर्यंत आले तर मागून ओरडला,
"एक बार पूरा भरना, एक बार पूरा मरने देना!
फिर टाइम सही बताएगा."

रात्री साडेबाराला वायर काढली आणि बसून राहिले.
ऐंशी. साठ.
रस्ता झाडणारी गाडी दिवे फिरवत गेली.
दहाला त्याने विचारलं, वायर लावता का?
नाही म्हटलं.

आयुष्याचा प्रश्न मी घेत नाही,
कुणी कितीही पैसे ठेवले तरी.
दिघ्यांच्या सुनेला ह्याच खुर्चीतून
रिकाम्या हाती उठवलं आहे मी.
आणि त्या रात्री
पाणी प्यायलाही उठले नाही.
चार. तीन.
पावणेतीनला गेला.
सांगून गेला.

आता दोन तास दहा म्हणजे दोन तास दहा.
आता त्याला कुठेही नेता येतं.
एकदा गॅलरीत नेला, झोपाळ्यावर.
पाचव्या मिनिटाला परत आले
सॉकेटखालच्या खुर्चीत,
जिथे भिंतीवर माझ्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे.

ते चार चांगले सेल मुर्तझाने ठेवून घेतले.
पोराच्या टॉर्चला होतील, म्हणाला.
किती दिवस,
ते मी विचारलं नाही.