बदकाची जागा

स्टॉकपोर्टच्या बाजाराच्या चढावर
जुन्या वस्तूंचं धर्मादाय दुकान.
आत ओल्या कोटांचा आणि परक्या कपाटांचा वास.
फळ्यांवर जिगसॉची खोकी:
हजार तुकड्यांचा किल्ला, पाचशेचं बंदर,
आणि प्रत्येकाच्या कडेला चिकटपट्टीवर
निळ्या पेनानं डेरिक यांचं अक्षर:
पूर्ण आहे.
पूर्ण आहे.
आभाळाचा एक कमी.

तीस वर्षं एकशेब्याण्णव नंबरची बस चालवून
निवृत्त झालेले डेरिक
दुकानात येणारं प्रत्येक कोडं घरी नेतात,
जेवणाच्या टेबलावर लावतात, मोडतात, परत आणतात.
मग जेवता कुठे, मी विचारलं.
मांडीवर, म्हणाले.

मी आले होते एकोणीस महिन्यांच्या शमूसाठी
आणि डोळे नेहमीसारखे वरच्या फळीवर.
चोवीस तुकड्यांचं जंगल,
खोक्यावर तीनचा आकडा, पुढे अधिकची खूण.
वयाच्या मानानं हुशार आहे हो आमची, म्हणाले.
डेरिकनी शमूकडे पाहिलं.
ती माझ्या बुटाची नाडी खात होती.

त्यांनी खालच्या टोपलीतून एक लाकडी पाटी काढली.
चार खळगे, चार जनावरं,
प्रत्येकाच्या पाठीवर लाल खुंटी, बोराएवढी.
"खुंटी अशी जाड हवी.
बारीक खुंट्या विकत घेणाऱ्याच्या बोटांसाठी असतात."
मग गाय उचलली.
खाली खळग्यात तीच गाय, रंगवलेली.
"हे बघून घ्यायचं. उचलली तरी गाय जात नाही.
ज्यांच्या खाली नुसतं लाकूड, ती आत्ता नको.
रिकाम्या जागा कळायला पुढे वेळ आहे."
आणि गल्ल्याकडे गेले, पावती फाडायला.

त्या वाक्याचं मला काहीतरी करावंसं वाटलं,
अकोल्याचं विकलेलं घर, त्याखाली कुठलं चित्र, वगैरे.
पण दीड पौंडाची चिल्लर सापडत नव्हती
आणि शमूनं डुकराला
बाबागाडीतून खाली फेकलं होतं.

घरी, सतरंजीवर.
मेंढी उलटी. मेंढी आडवी.
मेंढी स्वतःच्या कपाळावर आपटून.
मग गाय डुकराच्या जागी, सगळं अंग रेटून,
ओठ मुडपून,
सुहृद विमानतळावर जायच्या आधी बॅगेवर बसतो तशी.

माझा दिवस हॉस्पिटलच्या औषधखान्यात जातो,
कप्प्यात एक गोळी, कप्प्यात एक गोळी,
सोमवार सकाळ, सोमवार रात्र.
चुकलेलं दिसलं की हात आपोआप पुढे जातात.
"हातांवर बस," डेरिकनी दारापाशी सांगितलं होतं,
तेव्हा ते हसत नव्हते.
बसले.
तळव्यांवर सतरंजीचे वळ उठले.

बदक कडेशी आलं. फिरलं. चोच बाहेर राहिली.
अगं जरा इकडे, एवढंसं इकडे,
हे मी बोलले नाही,
गिळलं, बोराच्या आठळीसारखं.
तेवढ्यात दूध उतू गेलं, मी धावले,
आणि पाठीमागे

टक्.

वळून पाहते तर बदक चपखल,
चोचीपासून शेपटापर्यंत.
टाळ्यांसाठी हात उचलेपर्यंत
तिनं खुंटी धरून ते काढलंसुद्धा.
लावणं ही माझी हौस होती.

खळग्यावर पार नाक टेकवून
तिनं आत पाहिलं.
होतं.
हातातलं बदक तिनं खालच्या बदकाला दाखवलं.
"बदू," म्हणाली त्याला.
मग दुसऱ्याला, "बदू."
माझ्या पायापाशी दुधाचा ओघळ आला होता,
मी तशीच उभी.