वेळाधिकारी

परळच्या कामगार कल्याण केंद्रात, दुसऱ्या मजल्यावर
माझ्यापुढे पितळी घंटा आणि भाचीचं स्टॉपवॉच.
चौथ्या मिनिटाला एक टोला, पाचव्याला दोन.
बाकी काही ठरवायचं काम माझं नाही.

फळ्यावर विषय: युद्ध नैतिक असू शकते.
खडू ओला होता बहुतेक,
‘नैतिक’मधला न पुसट उमटलाय.

अनुकूल बाजू माझ्या उजव्या हाताला,
प्रतिकूल डाव्या.
डाव्या कानाने मला ऐकू येत नाही.
भाचीला माहीत आहे ते,
पण खुर्च्या शिपायाने मांडल्या.

टेलिफोनमध्ये ऑपरेटर होते मी.
जेवणाच्या सुट्टीत, फोर्टात,
केळ्यांचे सुटे पैसे मोजत उभी होते.
स्फोट मी ऐकला नाही.
आवाज पोचायच्या आत कान गेला.
राहिलेली नोकरी बिलं तपासण्यात काढली.

गोवंडीचा ओवेस मुकादम बोलला आधी, अनुकूल.
स्वच्छ वाणी, र नि ड नीट वेगळे.
म्हणाला, नुसती प्रेतं मोजू नका, हेतूही मोजा.
एक जण लेकरू मरावं म्हणून पिशवी ठेवतो,
दुसऱ्याला लेकरू मेल्याचं शल्य असतं.
मी घंटा दिली. तो वेळेत थांबला.

मग वेसाव्याची ऋजुता तांडेल.
तिचे नुसते ओठ दिसत होते मला,
आणि जाळं झटकावं तसा हात.
तीस सेकंद मी तशीच बसले.
मग खुर्ची उचलली, घंटा उचलली,
आणि प्रतिकूल बाजूच्याही पलीकडे, भिंतीला टेकून बसले.
परीक्षक चष्म्यावरून बघत राहिले.
आता सगळेच माझ्या उजवीकडे.

‘...ढिगाऱ्याखालून झेंडा दिसत नाही,’
एवढंच शेवटचं आलं कानावर.
टाळ्या पडल्या.
खरं आहे, झेंडा नव्हता दिसला.
मला दिसली होती केळीवाल्याची तागडी,
आकड्याला लटकलेली, अजून हलणारी.
एका पारड्यात वजन तसंच होतं.

प्रत्युत्तरात ओवेस हळू बोलला, जवळजवळ घरात बोलावं तसं:
‘दिसत नाही, मान्य.
पण नंतर कोण येतं ते बघा.
दगड उपसायला येतं,
की जमलेल्या गर्दीत दुसरा स्फोट करायला?
फरक तिथे आहे. असलाच तर.’

असलाच तर.
मला उपसणारा माणूस होता एक. हात आठवतात,
तोंड नाही.
आणि हेही सांगायला हवं,
पुढे एकदा आपली विमानं कुठेशी जाऊन आली,
तेव्हा चाळीत पेढे वाटले.
दोन घेतले मी. गोड लागले, खोटं का बोलू?
तिकडे केळी कोण विकत होतं,
हा प्रश्न रात्री पडला,
डाव्या कुशीवर, चांगला कान वर ठेवून झोपताना.

‘वेळ! वेळ!’ प्रतिकूल बाजू ओरडली.
घड्याळात पाच मिनिटं चाळीस सेकंद.
मी दोन टोले दिले, घाईत तीन झाले.
म्हटलं, चूक माझी, मुलीलाही चाळीस सेकंद द्या.
परीक्षक म्हणाले, नियमात बसत नाही.

निकाल ऐकायला थांबले नाही.
जिन्यावर कुणीतरी शेजारून उतरत काही विचारत होतं,
भिंतीवर हलणाऱ्या सावलीवरून कळलं.
ओवेस.
म्हटलं, बाबा, या बाजूने ये.
तो दोन पायऱ्या खाली उतरला, वळसा घेतला, वर आला.

‘तुम्हाला पटलं का, विचारत होतो.’

आधी तू सांग, तुला पटलं का?

हसला. ‘मावशी, बाजू चिठ्ठीने ठरते.
पुढच्या शनिवारी कदाचित प्रतिकूल असेन मी.’

पिशवीत घंटा आपोआप वाजत होती,
प्रत्येक पायरीला.
तिची जीभ मुठीत धरून
मी खाली उतरत राहिले.