जुनं पाणी

नुआकशोतमध्ये वारा सुटला की
खिडक्या लावूनही घरात वाळू येते.
तव्यावर, उशीवर, दाढांत.
आई पलंगाच्या कडेला बसून विचारते,
माझा वजू झाला का गं?

झाला, मी म्हणते.
दुपारपासून अकरा वेळा झालाय.
कोपरापर्यंत तिचे हात भेगाळलेत
आटलेल्या डबक्याच्या तळासारखे.
डॉक्टर दियालो म्हणाले, आठ दिवस तरी पाणी नको.
पाणी नको?
ती हसली, मूल काही वेडंवाकडं बोलल्यासारखी.

ही तीच बाई, तेकबेर मिंत याहदिह.
तिजिक्जाच्या खजुरीपलीकडे हिच्या तंबूत
आम्ही सात-आठ मुली
कोळशाच्या आणि डिंकाच्या शाईनं
लाकडी पाट्यांवर उतरवायचो
पाण्याचं प्रकरण.
मांजर तोंड लावून गेलं ते पाणी?
पाक.
उंटाच्या लिदीत पदर बुडाला?
पाक. आणि नाक मुरडणारी शहरात जन्मलेली.
पाळी आलेल्या मुलीला ती लांब बसवायची नाही.
अल्लाहनं सुट्टी दिलीय, म्हणायची,
तेवढ्या वेळात चहा कर, साखर हात सोडून घाल.

आमच्यातली लेमेमा दिवसभर हात धुवायची.
तुटला असेल, बहुतेक तुटलाच असेल.
आईनं तिचा लोटा काढून घेतला.
शंका कधीमधी आली तर ऊठ, पुन्हा वजू कर.
रोज येऊ लागली तर ती आजार आहे.
तिच्याकडे पाठ कर आणि नमाजाला उभी राहा.
लेमेमाचं आता नुआदिबूला माशांचं शीतगृह आहे,
हात अजून लाल असतात, पण बर्फानं.

आईला मी तिचंच वाक्य परत दिलं.
तिनं शेवटपर्यंत ऐकलं.
चांगलं सांगतेस, म्हणाली,
कोणाकडे शिकलीस?

मग देद्दानं गावाहून दगड आणला,
टॅक्सीच्या डिकीत, जादा टायरला टेकवून.
नाक्यावरच्या पोलिसानं कापड उचकून पाहिलं,
मधोमध तळव्यांनी झिजलेली ती खोलगट जागा,
आणि काही न विचारता झाकलं.
त्याच्याही आईच्या उशाशी असेल एखादा.

रात्री चादर ओली होते.
ज्याचा थेंब आवरत नाही त्याला माफी आहे,
हे मला नवव्या वर्षी पाठ होतं.
तेव्हा त्या ओळीला वास नव्हता.
मी चादर काढते, तिला कुशीवर वळवते,
ती भिंतीकडे तोंड करून म्हणते,
माफ करा हं बाई, तुम्हाला त्रास.

पहाटेची बांग झाली की मात्र
तिच्या हातांना कोणी सांगावं लागत नाही.
दगडावर दोन्ही तळवे ठेवते, चेहऱ्यावरून फिरवते,
पुन्हा ठेवते, हातांवरून.
बोटांत बोटं घालते.
शेजारी बसून मीही तेच करते, कशाला कोण जाणे,
नळाला पाणी असताना मला ते चालतही नाही.

अंगठी काढ, ती म्हणते.
तिच्याखालचं राहून जातं.
मी काढते.
कोणाची गं तू?
तेकबेरची.
ती मान हलवते, नाव कुठेतरी ऐकल्यासारखी.
मग एकदम ताठ बसते.

सांग, पाणी कधी बिघडतं?

रंग बदलला की. चव. वास.

आणि नुसतं जुनं झालं म्हणून बदललं तर?
एका जागी फार दिवस राहून,
शेवाळानं, स्वतःच्याच तळाच्या मातीनं?

काचेवर वाळू घासत राहते.
सांग की, ती दगडावर बोट आपटते.

पाकच राहतं, मी म्हणते.

मोठ्यानं.
मागच्या मुलींना ऐकू गेलं नाही.