आज गाइड आली नाही

साडेसातला गुर्जरबाईंचा फोन. ताप एकशे दोन.
साहेबराव, आज तुम्हीच सांभाळून घ्या.
मी म्हटलं, बाई, मी गाडी सांभाळतो.
त्या म्हणाल्या, तेच. तसंच.

गाडीत पाच माणसं.
लातूरचे निवृत्त मास्तर, मांडीवर वही.
दोन बहिणी.
कानात बोंडं घातलेला एक पोरगा
आणि त्याची आई,
जी हडपसरपासून विचारतेय, पुढे चढ आहे का?

तीन वर्षं मी सोमवार पेठेत येतोय,
म्हणजे या गल्लीच्या तोंडापर्यंत.
कुठलं शटर अकराशिवाय उघडत नाही,
कोण तुळशीची कुंडी ठेवून जागा अडवतं,
हे मला विचारा.
त्रिशुंड गणपतीचं देऊळ मी आज पहिल्यांदा पाहिलं.

काळा दगड. शिखर राहूनच गेलेलं.
भिंतीवर एक गेंडा, साखळीत जखडलेला,
जखडणारे शिपाई गोऱ्यांच्या वेषातले.
मास्तर म्हणाले, पुण्यात गेंडा कसा?
बाई इथे काय सांगतात, मला ठाऊक नव्हतं.
मी म्हटलं, कोरणाऱ्याने गेंडा बघितला होता की नाही
देव जाणे,
साखळी मात्र बघितली होती.
कड्या बघा ना.
मास्तरांनी ते लिहून घेतलं.
आजवर माझ्या नावाने फक्त पावत्या फाटल्यात.

आत तीन सोंडांचा देव, मोरावर बसलेला.
पायाखाली तळघर आहे, पुजारी म्हणाले,
त्यात पाणी असतं, वर्षातून एकदा उपसतात.
धाकट्या बहिणीने वाकून फरशीला कान लावला.
काय ऐकू आलं ते तिने सांगितलं नाही.

कसब्यात गाडी शिरत नाही. चालत गेलो.
तांबट आळी दिसायच्या आधी कानावर येते.
भालचंद्र करडे बंबावर मठार पाडत होते,
ठोक्याला लागून ठोका,
कुठे रेघ आखलेली नाही, तरी ओळ वाकत नाही.
पोरग्याने बोंडं काढून खिशात टाकली.
काका, ठोके मोजता का?
मोजले की चुकतात.
मग माझ्याकडे बघून, हे कोण?
मी ड्रायव्हर.
हां. यांना विचार गिअर मोजतात का.

थोरलीने पिशवीतून तांब्या काढला.
आईचा आहे, तुमच्याच आळीतला.
करड्यांनी तो उलटा धरला,
अंगठा फिरवत राहिले, बराच वेळ.
मग म्हणाले, हा आमचा नाही. मशीनचा.
शेजारच्या दुकानातला ठोकाही त्याच वेळी थांबला होता.
थोरली तांब्या परत घ्यायला हात पुढे करून तशीच.
पण बुडाला पोचा आला होता, तो काढलाय ना,
तो इथल्याच कुणीतरी.
डावखुरा होता.

ऊन उतरल्यावर वेताळ टेकडी.
चढ आहे का?
आहे. टेकडीच आहे ती, ताई.
त्या हसल्या आणि सगळ्यांच्या पुढे चढल्या.

वर खाणीत हिरवं पाणी,
कातळावर जुन्या पहारींच्या खुणा.
मास्तर काठावर उभे राहून म्हणाले,
एवढा दगड गेला कुठे?
घरांत, रस्त्यांत, कुठल्या देवळातही असेल.
माहीत नाही, मी म्हटलं,
आणि तेवढं म्हणताना
सकाळसारखी जीभ अडखळली नाही.
त्यांनी तेही लिहून घेतलं.

धावड्याखालून एक मोर वाट ओलांडून गेला.
पाठ रिकामी.
कुणी फोटो काढला नाही, वेळच मिळाला नाही.
धाकटी एवढंच म्हणाली, उतरले वाटतं.

परतताना मागे सगळे झोपलेले.
सिग्नलला बाईंचा फोन.
ताप उतरलाय, उद्या मी येते.
बरं, मी म्हटलं.
जरा उशिराच म्हटलं.