वर्गणी

परळच्या कॉलेजात, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे फॉर्मॅलिनचा वास भिंतींतच मुरलाय,
मी टेबलावर सात कागद मांडले,
शून्यापासून सहापर्यंत आकडे घालून.
मथुराबाई घोसाळकरांनी डबीतून दाणे ओतले:
चौसष्ट रोपांचा प्रत्येकी एक.
आजी लाल गहू, आजोबा पांढरा,
आणि ही नातवंडं
बहुतेक धड इकडची नाहीत, धड तिकडची नाहीत.

"वाटाण्यात एक दादा असतो," मी मुलांना सांगितलं,
"तो असला की दुसऱ्याचं काही चालत नाही.
उंच म्हणजे उंच, नाहीतर खुजा.
इथे दादा नाही.
तीन बाकं, प्रत्येकावर दोघं.
बसलेला एकतर चिमूटभर लाली टाकतो
किंवा हात हलवत येतो.
टाकणाऱ्यांची चिमूट सारखीच.
कोणी टाकली, ते दाण्यावर लिहिलेलं नसतं."

रुबिना दळवीने वहीच्या कोपऱ्यात त्रिकोण काढला
आणि तो गिरवत बसली.
मथुराबाई चिमट्याने दाणे उचलत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"म्हणजे आमच्या बिल्डिंगची पंपाची वर्गणी.
पाण्यावर कोणाचं नाव नसतं.
एकाने बुडवली म्हणून नळ कोरडा पडत नाही,
धार बारीक होते."

दुसरं उदाहरण मी दिलं नाही.

ताटात गहू निवडणारी ती नजर
जन्मभर खडे बाजूला काढत आलेली.
आज खडा नव्हताच,
लाल होता आणि त्याहून जरा कमी लाल,
आणि एक असा, जो तिसऱ्या कागदावर फिका वाटायचा,
दुसऱ्यावर भडक.
त्याला त्यांनी चार वेळा इकडून तिकडे नेलं.
"उन्हात उभा राहिला असेल बिचारा," म्हणाल्या,
"किंवा उपाशी."
तेव्हा मला कबूल करावं लागलं
की सगळं बाकांवरच ठरत नाही,
माती आणि हवाही हळूच हात घालतात.

दीड वाजता कागदांवर एक टेकडी उभी राहिली,
टोकं ओस, मधे दाटी.
तेवढ्यात कदमसर आत आले, "काय उकडतंय",
आणि त्यांनी पंखा लावला.

फरशीवर गुडघे टेकून आम्ही चौसष्ट पूर्ण केले.
मथुराबाई पुन्हा पहिल्यापासून बसल्या.
डबा उघडला नाही, चहाही नको म्हणाल्या.

पुस्तकात मधल्या कागदावर वीस.
आमच्याकडे सतरा.
पुस्तकात पूर्ण पांढरा एक.
आमचा शून्याचा कागद कोराच.
रुबिनाचं पेन वीसवर जाऊन थांबलं,
तिने माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्या वयाचा होतो तेव्हा वीस लिहिले होते.
शेजारी लाल शाईत 'उत्तम' होतं,
ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

"आलं ते लिही गं," मथुराबाई म्हणाल्या,
जणू दुधाचा हिशेब चाललाय.
तिने सतरा लिहिले.

एप्रिलअखेर त्या निवृत्त झाल्या.
विभागातून पाकीट फिरलं.
कोणी किती घातले, कोणी नुसतंच पुढे सरकवलं,
यादी केली नव्हती.
ते बरंच जाड झालं होतं.
त्यांनी न उघडता पर्समध्ये ठेवलं,
किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला,
वर ती डबी.
"मोजून घ्या हं, नंतर तक्रार नको."

मी संध्याकाळी मोजले.
त्रेसष्ट.
टेबलाखाली पाहिलं, पंख्याच्या पात्यांवर पाहिलं,
मग एकेक दाणा उजेडात धरला.
तो दोन की तीन, असं ज्याचं काही ठरत नव्हतं,
तोच तेवढा नव्हता.